ब्लॉक मोजू नका, मतं मोजा

आलेला व्यवहार पक्का कधी मानायचा, हा प्रश्न आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवर स्लॉट (एका ब्लॉकची ठरलेली वेळ) 12 सेकंदांचा, इपॉक 32 स्लॉटचा आणि फायनॅलिटीला, म्हणजे ब्लॉक कायमचा पक्का व्हायला, लागतात साधारण दोन इपॉक, जवळपास 13 मिनिटं. एवढं थांबणं परवडत नाही म्हणून ‘सहा ब्लॉक झाले की झालं’ हा बिटकॉइनचा हिशेब अनेक जण इथेही लावतात. तिथे प्रत्येक ब्लॉकमागे खर्ची पडलेलं संगणकीय काम असतं; इथे वजन व्हॅलिडेटरांच्या (तारण ठेवून ब्लॉकना मत देणाऱ्यांच्या) मतांचं असतं. 25 मे 2022 ला बीकन चेनवर, म्हणजे इथेरियमचं हे मतदान चालवणाऱ्या साखळीवर, सलग सात ब्लॉक उलटले, म्हणजे साखळीतून बाद झाले. काही व्हॅलिडेटरांकडे प्रपोजर बूस्टचा (नव्या ब्लॉकला जादा वजन देण्याचा) नवा कोड होता, काहींकडे नव्हता, त्यामुळे मतं दोन फांद्यांत वाटली गेली. सहा मोजून थांबलेला तिथे फसलाच असता.

त्यापेक्षा पाठिंबा मोजावा. दर स्लॉटला व्हॅलिडेटरांचा बत्तिसावा हिस्सा मत देतो. नव्या ब्लॉकला त्या समितीच्या 40 टक्के इतका तात्पुरता बूस्ट मिळतो, त्याचा निम्मा धरा. निम्म्याहून जास्त मतं तर हवीतच. वर 25 टक्के व्हॅलिडेटर लबाड निघतील असं गृहीत धरा. म्हणजे एकाच स्लॉटवर निर्णय घ्यायचा तर 50 अधिक 20 अधिक 25, असा 95 टक्क्यांहून जास्त पाठिंबा लागतो. दोन स्लॉटांची मतं धरली की बूस्टचा वाटा निम्मा होतो आणि 85 पुरतात. ही अट फक्त आपल्या ब्लॉकला नव्हे, जस्टिफाइड चेकपॉइंटपासूनच्या (फायनॅलिटीच्या आधीची पायरी गाठलेल्या ब्लॉकपासूनच्या) प्रत्येक ब्लॉकला लावायची. हे सगळं मतं वेळेत पोहोचतात या गृहीतकावर उभं आहे. नेटवर्क तुटलं तर गणित कोसळतं.

नोडचा (नेटवर्कला जोडलेल्या संगणकाचा) ‘सेफ’ टॅग याच कामाचा वाटतो, पण नोड चालवणाऱ्या अनेक क्लायंट सॉफ्टवेअरमध्ये तो जस्टिफाइड ब्लॉकच देतो, म्हणजे कित्येक मिनिटं मागचा.

कोडमध्ये व्यवहाराच्या हॅशसोबत (ओळख-क्रमांकासोबत) ब्लॉकचा हॅशही साठवा आणि जमा दाखवण्याआधी रिसीट, म्हणजे व्यवहाराच्या निकालाची नोंद, पुन्हा मागवा. रीऑर्गनंतर, म्हणजे असे ब्लॉक उलटल्यावर, तोच व्यवहार दुसऱ्या ब्लॉकमध्ये जाऊन फसूही शकतो, तेव्हा स्टेटसही पुन्हा तपासा. लॉगची (व्यवहारांतून निघणाऱ्या घटनांच्या नोंदींची) सदस्यता घेतली असेल तर ‘रिमूव्हड’ खूण आलेली नोंद उलटवा. ही पायरी सर्रास राहून जाते. एकाच नोडवर विसंबू नका, तो चुकीच्या फांदीवर असला तरी सगळं आलबेल दाखवेल.

बाहेर काढलेले पैसे परत आणता येत नाहीत, त्यामुळे तिथे ‘फायनलाइज्ड’ टॅगचीच वाट पाहा. तोही अडकतो: मे 2023 मध्ये लागोपाठ दोन दिवशी काही काळ फायनॅलिटी थांबली, दुसऱ्या दिवशी तासाहून जास्त, आणि ब्लॉक मात्र येत राहिले. अशा वेळी मतंच कमी पडत असल्याने वरची अटही पुरी होत नाही.