आमची वाटचाल – जिवाणू मुळापर्यंत जिवंत पोचला पाहिजे

लोक आम्हाला खतवाले म्हणतात, पण आम्ही जे विकतो ते जिवंत असतं, म्हणजे पिकाला मदत करणारे जिवाणू, आणि गेल्या इतक्या वर्षांत आम्ही जे काही बदल केले ते सगळे या एकाच गोष्टीमुळे केले.

सुरवात रायझोबियमने केली, म्हणजे शेंगवर्गीय पिकांच्या मुळावर गाठी करणाऱ्या जिवाणूने, कारण त्याचं काम डोळ्याला दिसतं. सोयाबीन नाहीतर हरभऱ्याचं रोप माती न झटकता अलगद उपटायचं, मुळावरची गाठ नखाने फोडायची, आत गुलाबी-लाल दिसलं की समजायचं हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळतोय, आणि आतून हिरवट पडली असेल तर त्या गाठीचं काम संपलं. हे शेतकऱ्याला बांधावर उभं राहून दाखवता येतं! फक्त सोयाबीनचं रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही, म्हणून आम्ही पिकाप्रमाणे कल्चर (वाढवलेल्या जिवाणूंचा माल) वेगळं ठेवलं. डीलर मागायचे सगळ्या कडधान्यांना चालेल असं एकच पाकीट द्या म्हणून, ते आम्ही कधीच काढलं नाही.

मग मका-गहूवाले विचारायला लागले की आमच्यासाठी काय, त्यांच्या मुळांना तर गाठी येत नाहीत. तिथून आम्ही मुळालगतच्या बाकीच्या जिवाणूंकडे वळलो. मुळाला चिकटून असलेल्या मातीला रायझोस्फिअर हे नाव हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 मध्येच दिलेलं, पिकाने पानात बनवलेल्या साखरेतला काही भाग मुळातून बाहेर झिरपतो आणि त्यावर तिथे जिवाणूंची दाटी होते. त्यातले काही पिकाची वाढ करून देतात हे 1978 मध्ये क्लोपर आणि श्रॉथ यांनी मुळा या भाजीच्या पिकावर दाखवलं, आणि त्याच काळात ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर अ‍ॅझोस्पिरिलम या मुळालगतच्या जिवाणूवर काम करत होत्या. आम्ही तेच घेतलं. अ‍ॅझोस्पिरिलम थोडा नत्र देतं हे खरंय पण माझ्या मते त्याची खरी कमाल म्हणजे ते ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक सोडतं, त्याने बाजूची मुळं आणि केसमुळं वाढतात आणि पीक जास्त मातीतून पाणी आणि अन्न उचलतं.

स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण इथे खूप फुगवून बोललं जातं. हे जिवाणू ग्लुकोनिक आम्लासारखी आम्लं सोडतात आणि कॅल्शियमला बांधलेला स्फुरद मोकळा होतो, लॅबमध्ये जिवाणू वाढवायच्या प्लेटवर कॉलनीभोवती स्वच्छ गोल पडतो आणि त्याचा फोटो मस्त येतो. पण आम्लधर्मी जमिनीत स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियमला बांधलेला असतो, तिथे प्लेटवर हुशार ठरलेला जिवाणू गप्प बसू शकतो. म्हणून आम्ही नुसत्या प्लेटवर निवड करत नाही, कुंडीत आणि मग शेतात बघतो.

सगळ्यात जास्त डोकं आणि पैसा गेला तो जिवाणू जिवंत ठेवण्यात. आधी लिग्नाइट या कोळशाच्या भुकटीत माल द्यायचो, ती सुकली की काउंट (जिवंत जिवाणूंची संख्या) घसरायचा, शिवाय भुकटी नीट निर्जंतुक झाली नाही तर दुसरेच जिवाणू वाढायचे. म्हणून मग लिक्विडकडे गेलो, त्यात ग्लिसरॉलसारखं काहीतरी घालून जिवाणू जास्त टिकतात. बॅसिलस या जिवाणूचं बरं असतं, ते बीजाणू (टणक, सुप्त रूप) करतं आणि उन्हातान्हात तग धरतं, स्युडोमोनास मात्र नाजूक. पण मुळालगतचं लोह स्वतःकडे ओढून त्याची चणचण करून रोगाच्या बुरशीला दाबायचं काम ते इतकं छान करतं की ते आम्ही सोडलं नाही, साठवणूक सुधारली. काउंट आम्ही बॅच निघाली त्या दिवशीचा छापत नाही, एक्सपायरीपर्यंत जो राहील तो छापतो, आकडा लहान दिसतो पण शेतकऱ्याला तेवढे जिवाणू नक्की मिळतात.

एक विनंती प्रत्येकाला करतो, बियाण्याला बुरशीनाशक लावलं असेल तर त्याच पाण्यात आमचं कल्चर कालवू नका, आधी विचारा. बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पेरताना युरिया भरपूर टाकणार असाल तर रायझोबियम घेऊ नका कारण गाठीच कमी धरतील, आणि ज्या शेतात तेच पीक वर्षानुवर्षं घेऊन आधीच गुलाबी गाठी भरपूर येतायत तिथेही फरक कमीच दिसतो, हे आम्ही माल विकायच्या आधी सांगतो.

सध्या अ‍ॅझोस्पिरिलम आणि स्युडोमोनास एका बाटलीत देता येतील का यावर काम चालूय. अडचण अशी की स्युडोमोनासचे काही स्ट्रेन (वाण) शेजारच्या जिवाणूलाही मारतात, त्यामुळे आधी दोघांना एकाच प्लेटवर वाढवून बघतोय, आणि न भांडणारी जोडी मिळाली तरच ती बाजारात आणू.