पीएमईजीपीचं लोन काढलं, माझा अनुभव

घरी दोन शिलाई मशीन होत्या आणि दरवर्षी मे महिन्यात शाळेच्या गणवेशाच्या ऑर्डरी परत पाठवायची वेळ यायची, हात पुरायचे नाहीत. म्हणून ठरवलं की आता नीट युनिटच टाकायचं. सगळे म्हणाले मुद्रा काढ, मुद्रात सबसिडी मिळते. बँकेत चौकशी केल्यावर कळलं की मुद्रा हे नुसतं विनातारण कर्ज आहे, शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि सबसिडी त्यात नाहीच. सबसिडी पाहिजे तर पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, आणि ते पहिल्यांदा घेताना फक्त नवीन धंद्याला.

त्याचं गणित असं. उत्पादनाच्या धंद्याला प्रोजेक्ट ५० लाखांपर्यंत चालतो, सेवेच्या धंद्याला २० लाख. महिला, एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना स्वतःचे ५ टक्के घालायचे, बाकीच्यांना १० टक्के. सबसिडी आम्हाला ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५, आणि जनरलला तीच २५ आणि १५. माझा प्रोजेक्ट ८ लाखांचा होता, म्हणजे माझे ४० हजार, बँकेचे ७ लाख ६० हजार, आणि त्यातलेच २ लाख ८० हजार सबसिडीचे.

पहिली चूक मी केली ती प्रोजेक्ट रिपोर्टची. ओळखीच्या एका एजंटने पाच हजार घेऊन दोन दिवसात रिपोर्ट दिला, छान स्पायरल बाइंडिंग केलेला, आणि मी तो न वाचता बँकेत दिला. मॅनेजर साहेबांनी सातवं पान उघडून विचारलं, ताई, तुम्हाला थ्री फेज कनेक्शन कशाला लागतंय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिपोर्टमध्ये दहा एचपीचा लोड लिहिला होता आणि माझ्या सगळ्या मशीन घरच्या साध्या लाइटवर चालणाऱ्या. तो दुसऱ्याच कुणाच्या तरी कारखान्याचा रिपोर्ट होता, वर फक्त माझं नाव. साहेबांनी फाइल बंद करून माझ्याकडे सरकवली, काही वाईट बोलले नाहीत, पण मला फार लागलं ते.

मग जिल्हा उद्योग केंद्रात गेले. तिथल्या मॅडमनी एक तास बसवून घेतलं आणि म्हणाल्या, रिपोर्ट तुम्हीच लिहा, आकडे तुमचे पाहिजेत. घरी आल्यावर मोबाइल समोर ठेवून वेळ मोजला, कटिंग सोडून एका हाफ शर्टला मला ४५ मिनिटं लागतात, ओव्हरलॉक मशीन असेल तर पस्तीसमध्ये होतो. त्यावरून एका बाईचे दिवसाला किती शर्ट, चार बायकांचे किती, मजुरी किती, कापड किती दिवस उधारीवर मिळतं, शाळा पैसे किती दिवसांनी देते, हे सगळं वहीत मांडलं. शाळेकडून पैसे यायला दोन-दोन महिने लागतात ही गोष्ट एजंटच्या रिपोर्टमध्ये कुठेच नव्हती, आणि खेळत्या भांडवलाची खरी गरज तर तिथेच होती. दोन दुकानांची मशीनची कोटेशन जोडली, ग्रामपंचायतीचा ग्रामीण भागाचा दाखला जोडला. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर स्वतःच केलं, ते सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे, पण तशाच दिसणाऱ्या पैसे मागणाऱ्या साइट भरपूर आहेत तेव्हा पत्ता नीट बघून घ्या.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा प्रश्न आले, पण उत्तरं माझ्याकडे होती. अडलं ते तारणावर. शाखेतले एक जण म्हणाले सातबारा आणा नाहीतर जामीनदार आणा. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की लघुउद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि बँकेसाठी सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जाची हमी घेणाऱ्या ट्रस्टची गॅरंटी असते. मी भांडले नाही, तेच मुद्दे अर्जात लिहून दिले आणि पोच घेतली. नंतर तारणाचा विषय पुन्हा निघाला नाही. सासूबाईंच्या नावावरची जमीन गहाण पडली नाही याचं मला आजही फार समाधान वाटतं.

मंजुरीनंतर दहा दिवसांचं ईडीपी, म्हणजे उद्योजकता विकासाचं ट्रेनिंग केलं, त्याशिवाय सबसिडी सुटत नाही. आणि सबसिडी हातात मिळत नाही हो, हे नीट समजून घ्या! ती बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून लॉक राहते, ठेवीवर व्याज मिळत नाही पण तेवढ्या कर्जावर बँक व्याजही लावत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे का याची प्रत्यक्ष पाहणी होते आणि मग ती रक्कम कर्जात वळती होते. आमच्याच भागात एका ताईंनी दीड वर्षात मशीन विकल्या, पूर्ण कर्ज अंगावर आलं, त्यांना हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

माझी तीन वर्षं पूर्ण व्हायला अजून चौदा महिने आहेत. मशीन आता सात आहेत, चार बायका कामाला येतात. कोटेशन, बिलं, हप्त्याच्या पावत्या सगळं एकाच फाइलमध्ये लावून ठेवलंय, पाहणीला कधीही या. कुणाला रिपोर्ट लिहायचा असेल तर माझी वही दाखवते, फक्त त्यातले आकडे उतरवून घेऊ नका, तुमचे तुम्ही मोजा.