एवढ्या खिडक्या, पुसतं कोण?

सासूबाईंना मोबाइलवर इंग्लंडातल्या हार्डविक नावाच्या जुन्या घराचे फोटो दाखवले तर चष्मा कपाळावर सारून त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. एवढ्या खिडक्या, पुसतं कोण? आणि घर बाईचं म्हणतेस, मग नवरा कुठाय? वय ब्याऐंशी, साताऱ्याबाहेर फार तर पुणं आणि पंढरपूर, पण प्रश्न नेमके. मी तिथं तीन तास हिंडून आले, मला नव्हते सुचले.

तर झालं असं, लेक शेफिल्डला असते, गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, लंडन वगैरे सगळं झालं आणि मग एका रविवारी जावई म्हणाले आई तुम्हाला जुनी घरं बघायला आवडतात ना, चला. तासाच्या आत डर्बीशायरमधल्या हार्डविक हॉलला पोचलो. हॉल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मंगल कार्यालय, ह्यांच्याही. तिकडे हॉल म्हणजे जमीनदाराचं, सरदाराचं गावाकडचं मोठं घर. मोटरवेवरूनच दिसतं, टेकडीवर, आणि लांबून बघताना भिंत अशी दिसतच नाही, काचच काच. तिकडच्या लोकांनी त्याच्यावर यमक जुळवून ठेवलंय, अर्थ असा की हार्डविकला भिंत कमी नि काच फार. काच तेव्हा महाग होती, म्हणजे हे घर नव्हतं, टेकडीवर मांडलेली श्रीमंती होती.

सहा मनोरे आहेत, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात कोरलेली भली मोठी अक्षरं, ई आणि एस, वर मुकुट. नीट बघितलं तर आपल्याकडे ट्रकच्या पाठीमागे पोरांची नावं लिहितात त्यातलाच प्रकार, फक्त दगडात आणि चारशे वर्षं टिकलेला. ई म्हणजे एलिझाबेथ. राणी नव्हे, ही दुसरी, तिला सगळे बेस म्हणायचे, बेस ऑफ हार्डविक. एस म्हणजे श्रूजबरी, चौथ्या नवऱ्याची सरदारकी. हो, चौथ्या. सासूबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे.

ही बाई ह्याच टेकडीवरच्या बेताच्या जमीनदाराची मुलगी, 1527 च्या आसपासचा जन्म. नवरा वारला की दुसरं लग्न, आणि दर लग्नाला पायरी एक वर. दुसरा नवरा विल्यम कॅव्हेंडिश, मुलं सगळी त्याच्यापासूनची, आणि चॅट्सवर्थचं घर ह्या दोघांनी उभं केलं, ते चॅट्सवर्थ आता जगप्रसिद्ध आहे. चौथा श्रूजबरीचा अर्ल. त्याच्या घरी पंधरा वर्षं स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी नजरकैदेत होती, तिचा खर्च, तिची माणसं, वरून इंग्लंडच्या राणीचा संशय, त्यात नवरा-बायकोचं असं फाटलं की बेस तिथून निघाली ती सरळ माहेरी.

माहेरी तरी काय होतं. भावाचं दिवाळं वाजलेलं, कर्जापायी तुरुंगातच गेला तो 1581 मध्ये. मग दोनेक वर्षांनी वडिलांची ती जमीन बेसने विकत घेतली. मला इथं थोडं थांबायला झालं, का ते पुढं सांगते. जुनं घर वाढवायला घेतलं, ते पुरं व्हायच्या आधीच नोव्हेंबर 1590 मध्ये नवरा वारला, आणि त्याच सुमाराला शेजारीच नव्या घराचा पाया पडला. तेव्हाच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची मिळकत म्हणजे नवऱ्याची मिळकत, पण विधवेची तिची स्वतःची. तर सासूबाई, नवरा वारला म्हणून घर झालं, असं आहे ते. त्या म्हणाल्या अगोबाई, आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

साठी ओलांडलेली बाई, इंग्लंडातल्या सगळ्यात श्रीमंत बायकांपैकी एक, 1597 मध्ये सत्तरीला टेकल्यावर नव्या घरात राहायला गेली. नकाशा रॉबर्ट स्मिथसन नावाच्या माणसाचा, मूळचा दगडकामाचा मिस्त्री. पुस्तकी आर्किटेक्ट असा प्रकार तिकडे तेव्हा नव्हताच म्हणा.

आणि नकाशा खरंच भारी आहे. घर तीन मजली, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा उंच. खाली नोकरचाकर आणि स्वयंपाकघर, मधल्या मजल्यावर बेसचा रोजचा वावर, आणि सगळ्यात वर दरबारी दालनं, राणी आली तर तिच्यासाठी. बाहेरून बघा, वर जाऊ तशा खिडक्या मोठ्या होत जातात, म्हणजे कुठल्या मजल्यावर कोण हे आत न जाता कळतं. आपल्याकडे उलटं, मान सगळा खालच्या ओसरीला आणि दिवाणखान्याला, माडीवर फार तर पाहुणे निजतात नाहीतर धान्य असतं.

खाली दारातून शिरलं की हॉल, तो समोरच्या भिंतीला समांतर नाही, सरळ आरपार मागच्या बाजूला जातो, त्या काळी ही नवीन गोष्ट होती. मग दगडी जिना, रुंद, वळत वळत घरभर हिंडवत वर नेणारा, गुडघे माझे आहेतच, पण चढताना दम लागत नाही इतक्या बसक्या पायऱ्या. वर मोठं दालन, तिथं भिंतीच्या वरच्या निम्म्या भागात चुन्याच्या गिलाव्यात उठावाचं जंगल केलंय, झाडं, हरणं, शिकारीची देवता डायना आणि तिचा लवाजमा, आणि रंगवलेलं. त्याखाली भिंतीवर टांगलेले, ब्रसेल्सहून आणलेले विणलेले पडदे, युलिसिस नावाच्या ग्रीक वीराच्या गोष्टीचे. पडदे आधी घेतलेले, दालन नंतर त्यांच्या मापाने बांधलं. आपण घराच्या मापाने पडदे शिवतो.

त्याच्या पलीकडे लांबच लांब गॅलरी, पन्नास मीटरच्या आसपास. पाऊस असला की घरातल्या बायकांनी इथं फेऱ्या मारायच्या. भिंतींवर बायबलातल्या गिडियनच्या गोष्टीचे तेरा पडदे, हे मात्र सेकंडहँड, 1592 मध्ये दुसऱ्या सरदाराच्या वारसाकडून घेतलेले, त्यावर त्यांच्या घराण्याची चिन्हं विणलेली होती, ती झाकायला आपली चिन्हं रंगवून लावायचा खर्च म्हणून बाईने किमतीतून पाच पौंड कापून घेतले. हे वाचून मला ती एकदम आवडली. मंगळवार पेठेतली कुठलीही आजी हेच करील.

आता गंमत. एवढ्या खिडक्या, आणि आत अंधार! जुनं कापड उजेडाने विटतं म्हणून सगळीकडे खिडक्यांचे पडदे खाली ओढलेले. बाहेर लख्ख ऊन आणि आत आम्ही माजघरात चाचपडल्यासारखे. खाली लव्हाळ्याची चटई, जमीनभर, तिचा वास गवताच्या गंजीसारखा, त्या वासाने मी थेट वाईला पोचले. आणि आणखी एक, काही खिडक्यांच्या मागे खोलीच नाही, धुराडं आहे नाहीतर नुसती भिंत. बाहेरून ओळ चुकू नये म्हणून काच बसवलेली. डावीकडे जे तेच उजवीकडे, पुढे जे तेच मागे, मग आत काय वाट्टेल ते असो.

ह्यांनी तिथंच निकाल दिला, हे घर लोकांनी बघायला बांधलंय, आपला वाडा राहायला. मला तेवढं पटत नाही, वाडेही मिरवायलाच बांधले, पण तोंड उलटीकडे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघा, बाहेरून काय दिसतं, उंच भिंत आणि दरवाजा. सगळा थाट आत, चौकाभोवती, उजेड वरून चौकात पडतो आणि तिथून सोप्यात, मग माजघरात पोचेपर्यंत निम्मा. जाड भिंती, वैशाखात आत गार. हार्डविकला उलट, थंडीच्या देशात काचेचं घर, शेकोट्या कितीही पेटवा. धुराडी बहुतेक मधल्या जाड भिंतीत घातलीत म्हणून बाहेरच्या भिंती खिडक्यांना मोकळ्या सापडल्या, हुशारी आहेच, पण हिवाळ्यात काय हाल होत असतील.

बरं, एवढं जुनं घर असं जसंच्या तसं राहिलं कसं? एक कारण, पुढच्या पिढ्यांनी मुक्काम चॅट्सवर्थला ठेवला, पुढे ते ड्यूक झाले (ड्यूक ऑफ डेव्हनशायर, राहायला डर्बीशायरात, असो), चॅट्सवर्थ सारखं पाडून नवं करत राहिले आणि हार्डविककडे कोणाचं फार लक्षच गेलं नाही. दुसरं कारण जास्त मोठं आहे, तिथं वाटणी नव्हती. थोरल्या मुलाला घर, जमीन, किताब, सगळं. धाकट्यांनी सैन्यात जा, चर्चमध्ये जा, कंपनीची नोकरी धरून हिंदुस्थानात जा. आपल्या महाबळेश्वरला ज्याच्या नावाची पेठ आहे तो माल्कम साहेब काही सरदार घराण्यातला नव्हे, स्कॉटलंडातल्या शेतकऱ्याच्या 17 पोरांतला एक, 1783 मध्ये चौदाही पुरी नसताना मद्रासला उतरला आणि शेवटी मुंबईचा गव्हर्नर झाला. वाटणीला काही येणार नसलं की माणसं लांब जातात.

भाऊबंदकी मात्र तिथंही होतीच. बेसचं थोरल्या हेन्रीशी बिलकूल पटेना, तिने हार्डविक दिलं दुसऱ्या मुलाला, विल्यमला. चॅट्सवर्थ कायद्याने थोरल्याकडेच जायचं होतं, ते गेलं, 1608 मध्ये आई वारली आणि पुढच्याच वर्षी हेन्रीने ते विल्यमलाच विकून टाकलं. म्हणजे शेवटी दोन्ही एकाकडे.

पुढे घरं मोडली ती करामुळे. तिकडे 1894 पासून माणूस वारला की इस्टेटीवर कर, आणि तो वाढत वाढत मोठ्या इस्टेटींना 80 टक्क्यांपर्यंत गेला. त्यात महायुद्धं, नोकर मिळेनात. अशी शेकडो घरं सरळ पाडली, 1955 च्या सुमाराला दर पाच दिवसांनी एक, असं म्हणतात. आणि ह्या घराण्याचं नशीब तर बघा, दहाव्या ड्यूकने 1946 मध्ये हा कर टळावा म्हणून इस्टेट ट्रस्टमध्ये टाकली होती, अट एकच, त्यानंतर पाच वर्षं जगायचं. नोव्हेंबर 1950 मध्ये लाकडं फोडता फोडता गेले, मुदतीला थोडेच आठवडे राहिले होते. मग कराच्या बदल्यात हार्डविक सरकारला गेलं आणि 1959 मध्ये नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे तिकडे अशी जुनी घरं सांभाळणाऱ्या संस्थेकडे. त्या दहाव्या ड्यूकची आई, म्हातारी डचेस एव्हलिन, 1960 मध्ये वारेपर्यंत तिथंच राहिली, ते जुने पडदे आणि भरतकाम स्वतः दुरुस्त करत. घर ट्रस्टचं, म्हातारी आत सुईदोरा घेऊन बसलेली, हे चित्र माझ्या डोक्यातून जाईना. सासूबाई गोधडीला टाके घालतात तशीच बसत असेल.

माझं माहेर वाईचं. घाटाजवळ वाडा होता, मोठा नव्हे, एकचौकी, पण सागवानी खांब, कडीपाट, दिंडी दरवाजा. प्रॉपर्टी कार्डावर नावं लागत लागत सोळा झाली होती. ओसरी एका काकांची, माडी दुसऱ्यांची, चौक सगळ्यांचा म्हणून तो झाडायचा कोणीच नाही. पागोळी गळायला लागली की कौलं कोणी परतायची ह्यावरून पावसाळाभर अबोला. 2005 च्या कायद्याने मुलींना बरोबरीचा हक्क आला, म्हणून मग मुलींच्याही सह्या लागायला लागल्या, आणि दादाने एका दिवाळीला हक्कसोडपत्र आणलं. मी सही केली. आत्येबहिणींनीही केल्या. कोणी जबरदस्ती नाही केली, खोटं कशाला सांगू, नाही म्हणायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. लेकीने हार्डविकच्या कँटीनमध्ये विचारलं, आई तू का केलीस गं सही? मी म्हटलं चहा गार होतोय.

निघताना जुन्या घराकडे गेलो, बेसने आधी वाढवायला घेतलेलं ते, नव्या घराच्या अगदी शेजारी. त्याला आता छप्पर नाही, मजले नाहीत, नुसत्या भिंती उभ्या. वर बघितलं तर तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या उंचीवर शेकोट्या भिंतीला लटकल्यासारख्या, त्यांच्यावर गिलाव्यात केलेले नक्षीकाम अजून शाबूत, खाली उभं राहायला जमीनच नाही. ह्यांना त्यात फार काही दिसलं नाही, ते पार्किंगकडे निघाले. मी बराच वेळ बघत होते, कारण वाईचा वाडा पाडल्यावर हेच झालं होतं, सामाईक भिंत शेजाऱ्यांची म्हणून ती ठेवली, आणि तिच्यावर आमच्या स्वयंपाकघराची काजळी आणि दोन कोनाडे तसेच राहिले, एकात चिमणी ठेवायचो तिचा काळा डाग. दोनेक महिने ते रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत होतं, मग बिल्डिंगची भिंत वर आली.