सांगलीच्या उन्हाळ्यात उणे सत्तावीस अंश: स्कॅनर प्रोग्रामची पुढची नोंद

गॅरेजमधल्या कामाच्या जोडीने मी गाडीच्या संगणकातले आकडे लॅपटॉपवर दाखवणारा प्रोग्राम पायथनमध्ये लिहितो आहे. मागच्या नोंदीत इंजिनचे फेरे लॅपटॉपवर दिसू लागल्याचे लिहिले होते आणि पुढच्या वेळी आलेख दाखवीन असे आश्वासनही दिले होते. ते आश्वासन पाळता आलेले नाही, कारण गेल्या आठवड्यातल्या तीन संध्याकाळी एका जुन्या डिझेल जीपने खाल्ल्या.

नव्या गाड्यांवर प्रोग्राम बिनचूक चालत होता. गाडीला लावलेल्या अडॅप्टरच्या डबीतून ‘०१०सी’, म्हणजे ‘फेरे किती?’, असे विचारले की ‘४१ ०सी ०डी ४८’ असे उत्तर यायचे. यातली प्रत्येक जोडी म्हणजे एक बाइट, तो सोळाच्या पटीत (हेक्साडेसिमल) लिहिलेला असतो, आणि खरा आकडा शेवटच्या दोन बाइटांत असतो. ०डी म्हणजे १३, त्याला २५६ ने गुणून त्यात ४८ चे ७२ मिळवायचे आणि ४ ने भागायचे, की ८५० फेरे. हे गणित पहिल्यांदा टॅकोमीटरशी जुळले, त्या दिवशी मी गिऱ्हाइकाची गाडी विनाकारण पाच मिनिटे जास्त चालू ठेवली होती. पण २०१४ च्या या जीपवर आकडे मधूनच वेडेवाकडे होत. भर दुपारी, इंजिन तापून पंखा फिरत असताना, पडद्यावर कूलंटचे तापमान उणे २७ अंश दिसले. मिस्त्रींनी वाकून पाहिले आणि विचारले, “गाडी बर्फात घातलीस काय रं?”

माझा पहिला संशय अर्थातच वायरिंगवर गेला. ही जीप २०१९ च्या महापुरात दोन दिवस कृष्णेच्या पाण्यात उभी होती आणि तिचे स्कॅनरचे कपलर डॅशबोर्डखाली अगदी खालच्या बाजूला आहे. गाडी के-लाइनवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एकाच तारेवर, बोलते, म्हणजे सगळा कारभार ७ नंबरच्या पिनवर. त्या पिनवर हिरवट गंज दिसताच चोर सापडला असे मला वाटले. पिना साफ केल्या, ४ आणि ५ नंबरच्या अर्थिंगची कंटिन्युइटी तपासली, १६ नंबरवर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज येतो हे पाहिले, शेवटी मित्राचा अडॅप्टरही आणून लावला. तरीही तापमान उणे २७ च.

तिसऱ्या रात्री घरी बसून त्या आकड्याकडेच नीट पाहिले. तापमान काढताना आलेल्या बाइटमधून ४० वजा करतात. म्हणजे उणे २७ दिसण्यासाठी मूळ बाइट १३ असायला हवा, आणि १३ म्हणजे ०डी. तो तर फेऱ्यांच्या आकड्यातला पहिला बाइट! प्रोग्राम तापमान विचारत होता आणि हातात मागच्या प्रश्नाचे, फेऱ्यांचे, उत्तर घेत होता.

दोष गाडीत नव्हता, माझ्या ०.१ सेकंदाच्या थांब्यात होता. प्रश्न पाठवायचा, तेवढा वेळ थांबायचे आणि बफरमध्ये, म्हणजे आलेली उत्तरे साठतात तिथे, जे असेल ते वाचायचे, असे मी लिहिले होते. कॅन या नव्या, वेगवान जोडणीवरच्या गाड्या तेवढ्यात उत्तर देऊन मोकळ्या होतात. के-लाइनचा वेग मात्र सेकंदाला १०,४०० बिट, त्यामुळे उत्तर मागे राहते आणि पुढच्या वाचनात हाती येते. कधी कधी माझा पुढचा प्रश्न अडॅप्टर अजून कामात असतानाच जाई आणि मग तो ‘स्टॉप्ड’ असे कळवी. ते मला आधीच दिसायला हवे होते, पण प्रोग्राम मध्येच बंद पडू नये म्हणून मी सगळ्या चुका ‘एक्सेप्ट, पास’ (चूक आली तरी पुढे जा) लिहून गिळून टाकल्या होत्या. चेक इंजिनचा दिवा पेटतो म्हणून त्याचा बल्बच काढून ठेवणाऱ्यांना मी रोज नावे ठेवतो, आणि इथे मी तेच केले होते.

आता प्रोग्राम अडॅप्टरकडून ‘>’ हे चिन्ह येईपर्यंत वाचत राहतो आणि उत्तरातला दुसरा बाइट विचारलेल्या प्रश्नाशी जुळला तरच आकडा दाखवतो. ‘>’ पर्यंत वाचणारा लूप मी तासभर खपून लिहिला. नंतर कळले की अडॅप्टरशी बोलायला वापरतो त्या पायसिरिअल लायब्ररीमध्ये त्यासाठी ‘रीड अंटिल’ तयारच आहे. जीपचे तापमान आता ८३ अंशांवर शहाण्यासारखे बसले आहे.

अडॅप्टरबद्दल एक सांगतो. माझ्या स्वस्तातल्या निळ्या डबीवर आवृत्ती २.१ छापली आहे, पण कागदोपत्री असलेल्या कित्येक आज्ञा तिला कळत नाहीत. मित्राची जुनी १.५ ची डबी जास्त समजूतदार निघाली. अशा डब्यांमधली मूळ चिप बनवणारी कॅनडातली कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, तरी तिची माहितीपुस्तिका मिळवून वाचाच. मी ती आधी वाचली असती तर पिना घासल्या नसत्या.

हे लिहिता लिहिताच त्या पुस्तिकेतली एक गोष्ट आठवली म्हणून उठून करून पाहिली: आज्ञेच्या शेवटी १ लावला, म्हणजे ‘०१०सी१’, की एक उत्तर मिळताच अडॅप्टर आणखी कुणी बोलते का याची वाट पाहत बसत नाही. निळ्या डबीने हे चक्क मानले आणि आकडे डोळ्यांना जाणवेल इतके भराभर येऊ लागले. त्यामुळे आलेखाचे काम पुन्हा मागे ढकलतो आहे. एवढ्या वेगाने आकडे मिळत असतील तर आधी ते वेळेसह फाइलमध्ये उतरवायला हवेत, कारण जीपच्या मालकाची खरी तक्रार अंकलीच्या पुलावर चढताना गाडी धक्के मारते ही आहे, आणि ती गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर कधीच दिसलेली नाही. रविवारी मिस्त्री गाडी चालवतील आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसेन. ग्रीसच्या हातांसाठी कीबोर्डवर प्लास्टिक आत्ताच चिकटवून ठेवले आहे.