मध्यम बजेटमधलं पेलेट ग्रिल: निवडीपासून अकराव्या कुकपर्यंतच्या नोंदी

सहा वर्षं कोळशाच्या ग्रिलवर काढल्यावर पेलेट ग्रिल, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या छोट्या कांड्यांवर चालणारं ग्रिल, घ्यायचं मनावर घेतलं, त्याला आता पाच महिने झाले. पहिले दोन महिने बघण्यात, मोजण्यात आणि ओळखीच्यांच्या ग्रिलची झाकणं उघडून आत डोकावण्यात गेले. बजेट मधलं होतं. अगदी स्वस्तातलं घेऊन दर वर्षी दुरुस्त करत बसायचं नव्हतं आणि दुहेरी भिंतीच्या, जाड स्टीलच्या ग्रिलपर्यंत हात पोचत नव्हता. या मधल्या पट्ट्यात प्रत्येक कंपनीने कुठे ना कुठे काटकसर केलेली असतेच. ती कुठे केली आहे हे हुडकून काढायचं आणि ती आपल्याला चालणार आहे का ते ठरवायचं. तेव्हापासून वहीत टिपत आलो, त्याच नोंदी इथे जरा नीट करून लिहितो आहे.

पहिले दोन महिने: नुसतं बघणं

बाहेरून आडवं पिंप दिसत असलं तरी आत सगळं यंत्र आहे. बाजूच्या हॉपरमध्ये, म्हणजे साठ्याच्या पेटीत, साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पेलेट भरायच्या. हॉपरच्या तळाशी ऑगर, म्हणजे लांब स्क्रू, मोटरवर फिरत पेलेट पुढे ढकलतो आणि वाटीएवढ्या फायर पॉटमध्ये टाकतो. तिथे इग्नायटरची सळई तापून त्या पेटवते, पंखा हवा देतो आणि आतला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, ते कंट्रोलरला कळवत राहतो. फायर पॉटवर पत्र्याचं छप्पर, त्यावर चरबी वाहून नेणारी तिरकी ताटली आणि सगळ्यात वर जाळी. मांसाला थेट ज्वाळा लागत नाही, भोवती गरम हवा आणि धूर फिरतो.

ही कल्पना घर गरम ठेवणाऱ्या पेलेट स्टोव्हवरून आली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात माउंट एंजल गावी जो ट्रेगर यांचा हीटिंगचा धंदा होता. त्यांनी १९८०च्या दशकात हे ग्रिल बनवलं आणि १९८६ साली पेटंट मिळवलं. २००६ साली ते पेटंट संपेपर्यंत मैदान जवळजवळ त्यांच्याच ताब्यात होतं. मग पिट बॉस, कॅम्प शेफ, रेकटेक, झेड ग्रिल्स वगैरे उतरले. आज आपल्यासारख्यांना मधल्या किमतीत निवडायला एवढं काही मिळतं ते त्यामुळे.

जाहिरातीत दोनच गोष्टी ठळक असतात: जाळीचं क्षेत्रफळ आणि वायफाय. क्षेत्रफळात वरच्या छोट्या रॅकही धरलेल्या असतात, म्हणून मी टेप घेऊन मुख्य जाळीच मोजली. दोन मॉडेलांचे जाहिरातीतले आकडे दीडपट वेगळे होते आणि मुख्य जाळ्या जवळपास सारख्या निघाल्या.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो कंट्रोलरला. जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरमध्ये धुराच्या सेटिंगला ऑगर १५ सेकंद चालतो आणि मग ठरावीक वेळ थांबतो. थांबण्याचा काळ ‘पी’च्या आकड्यावर ठरतो: पी-२ ला ६५ सेकंद, पी-३ ला ७५ आणि असंच पुढे. बाहेर वारा सुटला, पाऊस आला, तरी त्याचं घड्याळ तेच. पीआयडी कंट्रोलर मात्र सतत तीन गोष्टींचा हिशेब करतो: लावलेल्या तापमानापासून आत्ता फरक किती आहे, आतापर्यंत किती साचला आणि तो किती वेगाने बदलतो आहे. त्यावरून ऑगरचा वेळ कमीजास्त होतो, बऱ्याच मॉडेलांत पंख्याचाही.

दोन ओळखीच्यांकडे एकाच आठवड्यात दोन्ही प्रकार पाहिले. दोन्हीकडे १०७ अंश सेल्सिअस लावलं, म्हणजे आपलं नेहमीचं २२५ फॅरनहाइट, आणि जाळीच्या मधोमध माझा स्वतःचा थर्मामीटर ठेवून दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला. जुना कंट्रोलर तासाभरात ९२ पासून १२४ पर्यंत फिरून आला. पीआयडीवाला १०३ आणि १११ च्या मध्ये राहिला. पडद्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, काही कंट्रोलर सरासरी काढून दाखवतात. स्वतःचा थर्मामीटर घेऊनच बघायला जा. इतका स्थिर जाळ स्वच्छ जळतो आणि धूर कमी देतो, हेही तिथेच लक्षात आलं. म्हणून पीआयडीबरोबर धुराचं वेगळं सेटिंग आहे का, ते बघायचं ठरवलं.

नंतर पत्रा. त्याची जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १४ गेजचं स्टील जवळपास १.९ मिलिमीटर भरतं, १८ गेजचं १.२. झाकणाच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहिलं की फरक हाताला कळतो. पातळ पत्रा थंडीवाऱ्यात पटकन उष्णता सोडतो, मग कंट्रोलर कितीही हुशार असला तरी पेलेट जास्त जळतात. खिशात लोहचुंबकही ठेवत होतो. ४३० जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतं, ३०४ ला सहसा चिकटत नाही, आणि गंजाला ३०४ जास्त दाद देत नाही. ‘स्टेनलेस’ एवढाच शब्द लिहिलेला असेल तर चुंबक लावून बघावं. सगळं ३०४ मधल्या किमतीत मिळत नाही हे मान्य, पण फायर पॉट तरी चांगल्या स्टीलचा हवा. सगळ्यात आधी जळून झिजतो तो तोच.

राख कशी काढायची, हा प्रश्न बघायला जाणाऱ्यांपैकी फारसं कोणी विचारत नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक ग्रिलमध्ये जाळी, ताटली, छप्पर असं सगळं उचलून व्हॅक्यूमने फायर पॉट साफ करावा लागतो. थोड्या मॉडेलांना खालून एक दांडा असतो, तो ओढला की राख डब्यात पडते. दर दोन-तीन कुकनंतर, म्हणजे दोन-तीनदा रांधून झाल्यावर, करायचं काम अवघड असलं की माणूस ते पुढे ढकलतो, आणि साचलेल्या राखेने हवेची भोकं बुजली की जाळ बिघडतो.

व्होल्टेजची पाटी नक्की वाचा. १२० व्होल्टसाठी बनवलेल्या ग्रिलची इग्नायटरची सळई थेट २३० व्होल्टवर जोडली तर तिच्यातून जवळजवळ पावणेचारपट वीज खर्ची पडते आणि ती जळते. शिवाय इग्नायटर, प्रोब आणि पंखा सुटे मिळतात का, हे घेण्याआधी विचारा. एका विक्रेत्याला या प्रश्नाचं उत्तर दोन आठवडे देता आलं नाही. ते मॉडेल मला आवडलं होतं, तरी सोडलं.

शेवटी वायफाय आणि मोठं क्षेत्रफळ सोडलं. फोनवर तापमान बघायची सोय वेगळ्या थर्मामीटरने नंतरही करता येते, पत्रा मात्र नंतर जाड करता येत नाही. घेतलं ते असं: पीआयडी कंट्रोलर, १६ गेजचं झाकण, राखेचा दांडा, खालून पेलेट काढून घ्यायला दार असलेला ८ किलोचा हॉपर आणि छपरात सरकणारी पट्टी, जी उघडली की थोड्या भागावर थेट ज्वाळा येते.

तिसरा महिना: घरी आलं

जोडायला दोन माणसं आणि अडीच तास लागले. फायर पॉटचे दोन स्क्रू कारखान्यातूनच सैल आले होते, ते आवळले. मग रिकाम्या ग्रिलला सूचनापुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पाऊण तास मोठ्या आचेवर तापवलं, म्हणजे तेलाचा आणि रंगाचा वास जळून जातो.

दुसऱ्या दिवशी ब्रेडची चाचणी केली. जाळीवर बारा काप सारख्या अंतरावर मांडले, १७५ अंश लावले आणि दहा मिनिटांनी झाकण उघडलं. डाव्या मागच्या कोपऱ्यातले दोन काप काळपट, मधले सोनेरी, उजव्या पुढच्या टोकाचे जवळजवळ पांढरे. उलटून पाहिले तर खालच्या बाजूंनाही तोच नकाशा. तो वहीत काढून ठेवला. ग्रिल थंड झाल्यावर हात घालून बघितलं तर छप्पर त्याच्या खाचेत नीट बसलेलंच नव्हतं, एक बाजू बोटभर वर होती. बसवून पुन्हा बारा काप लावले. या वेळी फक्त डावा कोपरा किंचित गडद आला, तो अजून तसाच आहे. जाड भाग त्या बाजूला ठेवतो.

मांसाचा प्रोब बर्फाच्या पाण्यात तपासून घेतला, एका अंशाचा फरक निघाला. मग तोच जाळीच्या मध्यावर ठेवला, तर डाव्या भिंतीवरच्या ग्रिलच्या प्रोबपेक्षा ७ अंश कमी दाखवत होता. तेव्हापासून १०७ हवे असतील तर ११४ लावतो.

कुक १ ते ६

पहिले तीन चिकनचे. १०७ वर केलेल्या पहिल्या चिकनची कातडी रबरासारखी झाली. आत ७४ अंश व्यवस्थित होते, चव चांगली होती, कातडी मात्र काढून टाकावी लागली. तिसऱ्यापासून १९० वर करतो आणि कातडी आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये उघडी सुकवतो. आता कुरकुरीत येते.

चौथा कुक पोर्क शोल्डरचा, म्हणजे डुकराच्या खांद्याच्या मांसाचा, ३.६ किलो. आतलं तापमान ६८ वर जाऊन साडेतीन तास हललं नाही. कोळशावर हा अडथळा अनेकदा पाहिला होता: पृष्ठभागावरून पाणी उडतं, घामासारखं मांसाला थंड ठेवतं आणि आच तिथेच खर्ची पडते. कोळशावर त्या साडेतीन तासांत मी दहा वेळा हवेची भोकं सारखी करत बसायचो. या वेळी एकदाही हात लावला नाही. ९५ ला उतरवला तेव्हा १३ तास झाले होते आणि हाड नुसतं धरून ओढल्यावर कोरडं बाहेर आलं. पेलेट वजन करून भरल्या होत्या, ७.३ किलो जळल्या. म्हणजे ताशी साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास, आणि ८ किलोचा हॉपर जेमतेम पुरला. मोठ्या आचेवर हाच खर्च दुप्पट होतो, त्याच्याही वर जातो. रात्रभराचे कुक करणार असाल तर जाळीपेक्षा हॉपरचं माप जास्त बघा.

कुक ७: विझलेला जाळ

हा प्रसंग सविस्तर लिहितो, कारण यात इजा होऊ शकली असती. आधीचे दोन आठवडे दमट होते आणि मी पेलेट हॉपरमध्येच ठेवल्या होत्या. पेलेटमध्ये गोंद नसतो. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलंच लिग्निन नावाचं द्रव्य मऊ होऊन भुसा धरून ठेवतं. ओल लागली की त्या फुगून पुन्हा भुसा होतात. कुक सुरू होऊन तासाभराने ऑगर कुरकुरू लागला, पेलेट थांबत थांबत पडू लागल्या आणि जाळ विझला. कंट्रोलरने तापमान पडलं म्हणून आणखी पेलेट ढकलल्या. मी येऊन बघतो तर ६० अंश. मी तसंच पुन्हा सुरू केलं. फायर पॉट न जळलेल्या पेलेटनी काठोकाठ भरला होता. पाच मिनिटं दाट पिवळट पांढरा धूर, मग ‘धप्प’ आवाज होऊन झाकण वितभर उडून खाली आपटलं. मी दोन पावलं लांब होतो म्हणून निभावलं.

आता नियम ठरला आहे. जाळ विझला तर प्लग काढायचा, थंड होऊ द्यायचं, मांस घरातल्या ओव्हनमध्ये हलवायचं, फायर पॉट पूर्ण रिकामा करायचा आणि झाकण उघडं ठेवूनच पुन्हा पेटवायचं. कुक संपल्यावर बंद करायचं ते ग्रिलच्या बटणानेच, म्हणजे पंखा चालू राहून उरलेल्या पेलेट जळून जातात. पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात. ओल ओळखायला एक पेलेट बोटांत मोडून बघतो: कट् आवाज करून तुटली तर चांगली, वाकून चुरली तर टाकून द्यायची. आणि स्टोव्हच्या पेलेट यात कधीही नाहीत, त्यांत काय लाकूड, काय मिसळलं आहे याचा भरवसा नसतो.

कुक ८ ते ११: धूर

कोळशाइतका धूर यातून येत नाही, हे मनापासून सांगतो. धुराची ती जड चव ज्यांना हवीच आहे त्यांनी आधी कोणाकडचं तरी खाऊन बघावं. मी दोन बदल केले. मांस फ्रिजमधून काढून थेट जाळीवर, कारण थंड, ओलसर पृष्ठभागावर धूर जास्त बसतो. आणि पहिले दोन तास धुराच्या सेटिंगवर ८५ च्या आसपास, मग ११५. नवव्या कुकला भोकं पाडलेली स्टीलची नळी पेलेटनी भरून, एका टोकाला पेटवून जाळीच्या कोपऱ्यात ठेवली. तिचा धूर मंद, सरळ, चार तास टिकला. कापल्यावर कडेचं गुलाबी वर्तुळ आधीइतकंच होतं, चव मात्र स्पष्ट वाढली. ते वर्तुळ जळणाच्या वायूंतलं नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला, म्हणजे त्याला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला, चिकटून होतं, त्यावरून चवीचा अंदाज बांधू नये.

लाकडात आतापर्यंत ओक आणि हिकरी सर्वांत आवडले. सफरचंदाच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ‘मिश्रण’ लिहिलेलं होतं आणि मला त्यात ओकपेक्षा फारसं वेगळं काही लागलं नाही.

सरकत्या पट्टीचा उपयोग अकराव्या कुकला स्टेकवर केला. आधी ११० वर आत ४८ होईपर्यंत, मग पट्टी उघडून दोन्ही बाजू दीड-दीड मिनिट. भाजल्याचे डाग बऱ्यापैकी आले, पण कोळशाच्या जवळपासही नाही. पुढच्या वेळी जाळीवर बिडाचा तवा आधी वीस मिनिटं तापवून बघणार.

झाकणाच्या मागच्या फटीतून अजून धूर निघतो. तिथे लावायला उष्णता सोसणारी गॅस्केटची पट्टी आणली आहे, पत्रा घासून ती उद्या चिकटवणार. बारावा कुक ब्रिस्केटचा, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाचा, ५ किलो. हिशेबाने हॉपर एका भरणीत पुरत नाही, म्हणून पहाटे तीनचा गजर लावला आहे आणि ४ किलो पेलेट वजन करून डब्यात वेगळ्या ठेवल्या आहेत.