रिची मॅकॉ: कार्डिफच्या पराभवानंतर

रिची मॅकॉचे नाव निघाले की आकडे आपोआप येतात: १४८ कसोटी सामने, त्यांपैकी ११० कर्णधार म्हणून, १३१ विजय आणि सलग दोन विश्वचषक. न्यूझीलंडच्या या निवृत्त रग्बीपटूचे मोठेपण मला मात्र ६ ऑक्टोबर २००७ रोजी कार्डिफमध्ये झालेल्या पराभवानंतर त्याने जे केले, त्यात अधिक दिसते.

त्या दिवशी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाला, २०-१८ असे हरवले. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायआधीचा (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे) पास पुढच्या दिशेने गेला होता आणि रग्बीत चेंडू हाताने पुढे देता येत नाही, त्यामुळे पंचांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांची मायदेशी वाण नव्हती. मॅकॉला खुपत राहिली ती वेगळीच गोष्ट. एका ड्रॉप गोलने, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच गोलच्या खांबांमधून मारलेल्या किकने, सामना फिरला असता, पण त्यासाठी शांतपणे जागा तयार करण्याऐवजी त्याचा संघ अखेरच्या मिनिटांत धडका मारत राहिला होता. दडपणाखाली डोके ठिकाणावर ठेवणेही सरावानेच येते, हे ओळखून पुढे त्याने मानसोपचारतज्ज्ञ सेरी इव्हान्स यांच्याबरोबर काम केले. श्वास संथ करायचा, पायाखालची जमीन जाणवू द्यायची, नजर क्षणभर प्रेक्षकांच्या स्टँडकडे न्यायची आणि मगच निर्णय घ्यायचा, इतके साधे ते तंत्र होते.

मॅकॉ ओपनसाइड फ्लँकर, म्हणजे चेंडू मिळवण्यासाठी झटणारा आघाडीच्या फळीतला खेळाडू, सात नंबरच्या जर्सीचा. टॅकल झालेला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पकडून पाडलेला, खेळाडू खाली पडताच सर्वांआधी तिथे पोहोचायचे आणि अंगावर येणाऱ्यांचे धक्के खात, पाय न हलू देता चेंडू हिसकावायचा, हे त्याचे काम. धावत जाऊन ट्राय करणाऱ्याला मिळणाऱ्या टाळ्या या कामाला क्वचितच मिळतात. तो नियमाच्या कडेवर खेळतो अशी प्रतिस्पर्ध्यांची तक्रार असे आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरी कोणता पंच काय चालवून घेतो हे हेरणे मी कौशल्यच मानतो.

२०११ च्या विश्वचषकात, स्क्रू बसवलेले त्याच्या पावलाचे हाड स्पर्धा चालू असतानाच पुन्हा मोडले. त्याने एक्स-रे काढू दिला नाही, कारण हाड मोडल्याचे एकदा कागदावर आले की ते लपवत बसावे लागले असते. मधल्या दिवसांत सराव जवळपास बंद ठेवून तो सामन्याला उतरत राहिला. २३ ऑक्टोबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर अंतिम सामन्यात पुन्हा समोर फ्रान्सच होता आणि अवघ्या एका गुणाची आघाडी अखेरपर्यंत टिकवायची होती. या वेळी संघ डगमगला नाही. ८-७ अशा विजयाने २४ वर्षांनी चषक न्यूझीलंडकडे आला.

२०१५ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला ३४-१७ असे नमवून तो निवृत्त झाला आणि हेलिकॉप्टर वैमानिक झाला. विमानोड्डाण घराण्यातच होते. आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिक होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये भूकंपाने न्यूझीलंडमधल्या कैकौरा गावाचे रस्ते बंद पडले, तेव्हा तिकडे हेलिकॉप्टर नेणाऱ्यांत मॅकॉही होता.