‘वादळं काय, आधी पण यायची’

कोकणात वादळाचा विषय निघाला की कोणीतरी हे बोलतंच, आणि खोटं नाहीये ते, १९४८ ला मुंबईत आलं होतं, २००९ ला फयान आलं. पण अरबी समुद्राचा हिशोब साधारण असा असायचा की तिकडे बंगालच्या उपसागरात चार तर इकडे एक, आणि २०१९ ला एकाच वर्षात इकडे पाच झाली, त्यात क्यार आणि महा तर एकाच वेळी समुद्रात होती!

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या लोकांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ असे दोन तुकडे ताडून बघितले तर अरबी समुद्रात वादळं ५२ टक्के वाढली आणि बंगालकडे उलट ८ टक्के कमी झाली. आता "पूर्वी मोजायचं कोण" असंही म्हणता येत नाही कारण ८२ नंतर वर सॅटेलाइट होतेच.

बरं, सगळं खापर तापमानवाढीवर फोडायचं पण नाही. २०१९ ला इंडियन ओशन डायपोल जोरात पॉझिटिव्ह होता, म्हणजे हिंद महासागराचं पश्चिमेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम, आणि हे दर काही वर्षांनी खालीवर होतच असतं. फक्त आता ते खालीवर होतं ते आधीच तापलेल्या समुद्रावर, हा फरक लोक विसरतात.

नुसतं गरम पाणी असूनही भागत नाही म्हणा. जुलै-ऑगस्टमध्ये खाली पश्चिमेचा वारा, वर पूर्वेचा, त्यात वादळाचा खांब उभाच राहत नाही, म्हणून पावसाळ्यात वादळं जवळजवळ नसतातच. तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये गुजरातच्या जमिनीवरून समुद्रात उतरून ‘असना’ वादळ झालंच, अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये १९७६ नंतर पहिल्यांदा.

आणि वादळ किनाऱ्याला लागलं तरच नुकसान असं थोडीच आहे, क्यार आपल्याकडे आलंच नाही, ओमानच्या बाजूला गेलं, पण ऐन ऑक्टोबरच्या मासेमारीच्या सीझनला बोटी देवगड बंदरात येऊन उभ्या. निसर्ग वादळाने २०२० च्या जूनमध्ये श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या त्या सावरायला वर्षं लागणार होती. नवीन पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात आणि तौक्ते वादळ पुढच्याच मेमध्ये किनाऱ्याला घासून गेलं.